विदेशी भाषाध्ययन : छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद)

विदेशी भाषाध्ययन : मातृभाषा वा परिसरभाषा नसलेली, अन्य देशात प्रचलित असलेली भाषा हेतुपुरस्सर शिकण्याची प्रक्रिया. अशा अध्ययनामागे राज्यकारभार, धर्म, व्यापार, विद्या व उपजीविका ही प्रमुख प्रयोजने असतात. एखाद्या नगरात कोणत्या काळी कोणती परभाषा शिकली गेली, ती कोणत्या साधनांनी शिकली गेली आणि ती साधने समाजाच्या कोणत्या थरापर्यंत पोहोचली, यांवरून त्या नगराच्या सामाजिक इतिहासाची कल्पना येते. मराठवाड्यातील छत्रपती संभाजीनगर (२०२३ पूर्वीचे अधिकृत नाव औरंगाबाद) हे या दृष्टीने लक्षणीय आहे. मकतबातील पद्यबद्ध शब्दकोशापासून ते स्मार्टफोनवरील पाठांपर्यंत भाषाध्ययनाची अनेक स्थित्यंतरे या नगराने व त्याच्या परिसराने पाहिली. विसाव्या शतकाच्या अखेरीस आंतरजाल (इंटरनेट) उपलब्ध झाल्यानंतर शिक्षक, पुस्तक व वर्ग यांवाचूनही परभाषेचा श्रीगणेशा करणे शक्य झाले. तथापि शिकण्याच्या माध्यमभाषेचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. त्याचे केवळ स्वरूप बदलले.

फार्सी–अरबी कालखंड : मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये आपली राजधानी देवगिरी (दौलताबाद) येथे हलविली, तेव्हा दिल्लीकडील अधिकारी, विद्वान व सूफी साधक मोठ्या संख्येने या भागात आले. फार्सी कवी अमीर हसन सिज्झी यांची कबर जवळच्याच खुलदाबाद येथे आहे. मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी या गावी निजामशाहीची राजधानी वसविली. त्याचा जन्म ॲबिसिनियातील (इथिओपिया) असून गुलाम म्हणून अनेक हातांतून तो दख्खनेत पोहोचला होता. औरंगजेब १६५३ मध्ये दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार झाला, तेव्हा या नगरास औरंगाबाद हे नाव मिळाले. या सर्व काळात फार्सी ही राज्यकारभाराची व प्रतिष्ठेची भाषा होती. गावपातळीवरील महसुलाचे दप्तर मात्र बव्हंशी मोडी लिपीत व मराठी भाषेत लिहिले जाई. परिणामतः दोन्ही भाषा जाणणाऱ्या कारकुनांची व मुन्शींची गरज सतत भासत असे. तारीख, अर्ज, हुकूम, जमीन, कागद, दस्तऐवज, फौज, वसूल यांसारखे शब्द मराठीत स्थिरावले, ते या द्वैभाषिक व्यवहारामुळेच. या प्रभावाची प्रतिक्रिया म्हणून शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश हा कोश रचला गेला (सु. १६७७). राज्यकारभारातील फार्सी व दख्खनी संज्ञांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत.

या काळातील भाषाध्ययनाची पद्धती मुख्यत्वे मौखिक होती. मकतबात प्रथम अक्षरओळख, नंतर पद्यबद्ध शब्दसंग्रहाचे पाठांतर आणि त्यानंतर सादीच्या गुलिस्ताँ (१२५८) व बोस्ताँ (१२५७) या ग्रंथांचे वाचन, असा क्रम साधारणतः असे. अरबी शब्दांचे फार्सी अर्थ देणारा निसाब-उस्-सिब्यान आणि फार्सी–हिंदवी शब्दांचा खालिक बारी हे असे दोन पद्यकोश हिंदुस्थानात सर्वत्र प्रचलित होते. छंदामुळे शब्द लक्षात राही व उजळणी सुलभ होई. शब्द नियमित अंतराने पुनःपुन्हा आठवावयास लावणे, हे तत्त्व पुढे आधुनिक साधनांनीही स्वीकारले. त्या वेळी मात्र उजळणीची वेळ ठरविणारा, चूक तत्काळ दुरुस्त करणारा व उच्चार घडविणारा एकच घटक होता, तो म्हणजे उस्ताद.

परभाषाविद्येचे हे केंद्र अठराव्या शतकातही तेजस्वी राहिले. मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी (१७०४–८६) हे विद्वान औरंगाबाद येथे बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात (पाणचक्कीचा परिसर) दीर्घकाळ राहिले. फार्सीप्रमाणेच अरबी भाषेतही त्यांनी विपुल लेखन केले. त्यांचा सुब्हत-उल्-मरजान हा अरबी ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यांचे दफन खुलदाबाद येथे झाले. पाणचक्कीचा ग्रंथसंग्रह हा या विद्यापरंपरेचा एक अवशेष होय. १७६३ मध्ये आसफजाही राजधानी हैदराबादला गेली आणि औरंगाबादचे राजकीय महत्त्व घटले. मात्र फार्सी व अरबीचे अध्ययन त्यानंतरही येथे चालू राहिले.

उर्दू माध्यम व त्याचे परिणाम : हैदराबाद संस्थानात १८८० नंतरच्या दशकात फार्सीची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दूचा स्वीकार केला. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो एक मोठा प्रयोग होता. १९२३ मध्ये औरंगाबाद येथे याच विद्यापीठाच्या अंतर्गत इंटरमीजिएट महाविद्यालय निघाले. उर्दूचे थोर अभ्यासक मौलवी अब्दुल हक हे त्याचे प्राचार्य होते. अंजुमन तरक्की-इ-उर्दू या संस्थेचे कार्यालयही दीर्घकाळ औरंगाबाद येथेच होते. या संस्थेने सिद्ध केलेला इंग्रजी–उर्दू प्रमाण शब्दकोश १९३७ मध्ये याच शहराच्या नावाने प्रकाशित झाला. परभाषाध्ययनाच्या इतिहासात या कोशाचे महत्त्व असे, की इंग्रजी शिकू पाहणाऱ्यास त्याने स्वतःच्या भाषेतून मार्ग उपलब्ध करून दिला.

तथापि ज्याची भाषा उर्दू होती, त्याच्यापुरतीच ही सोय होती. मराठवाड्यातील बहुसंख्य जनतेची भाषा मराठी होती. मराठीभाषक विद्यार्थ्यास इंग्रजी, गणित वा विज्ञान शिकण्यापूर्वी उर्दू आत्मसात करावी लागे. एका परक्या भाषेपर्यंत पोहोचण्यासाठी दुसऱ्या भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे आणि ज्यांना तो ओलांडता येत नसे, ते शिक्षणाबाहेर राहत. मराठवाड्यातील शैक्षणिक मागासलेपणाच्या कारणांत या माध्यमप्रश्नाचा अंतर्भाव करावा लागतो. ज्या योजनेने एका भाषकसमूहास आपल्या भाषेतून ज्ञान दिले, तिनेच दुसऱ्यास ते दुरावले. हाच पेच एकविसाव्या शतकात निराळ्या रूपाने पुन्हा उपस्थित झालेला दिसतो.

स्वातंत्र्योत्तर काळ : १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात आले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाले. उच्च शिक्षणापासून वंचित राहिलेल्या समाजगटांतील विद्यार्थी त्यामुळे प्रथमच मोठ्या संख्येने महाविद्यालयात आले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली (१९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ). या विद्यापीठात पाली, फार्सी, अरबी यांबरोबरच आधुनिक विदेशी भाषांच्या अध्ययनाचीही सोय झाली. मात्र जर्मन, फ्रेंच, जपानी यांसारख्या भाषांचे सखोल शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यास प्रायः पुणे वा मुंबई गाठावी लागे. पुण्यातील मॅक्स म्यूलर भवन, रानडे इन्स्टिट्यूटमधील विदेशी भाषा विभाग आणि जपानी भाषेचे वर्ग यांचा लौकिक मोठा होता. प्रवास, निवास व शुल्क यांचा भार ज्यांना पेलत असे, त्यांनाच त्यांचा लाभ घेता येई.

शहरात राहूनच परभाषा ऐकण्याचे एक साधन लघुलहरी नभोवाणीने दिले. बीबीसीने १९४३ पासून इंग्रजीचे पाठ प्रक्षेपित केले. पश्चिम जर्मनीच्या डॉइश व्हेले या केंद्रानेही नभोवाणीवरून जर्मनचे पाठ दिले. त्यापूर्वी ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून व नंतर ध्वनिफितींवरून भाषा शिकविण्याची पद्धत रूढ झाली होती. लिंग्वाफोन ही या क्षेत्रातील आद्य संस्था विसाव्या शतकाच्या आरंभीची आहे. या साधनांमुळे मूळ भाषकाचा उच्चार घरबसल्या कानी पडू लागला. श्रोता मात्र केवळ श्रोताच राहिला. त्याने उच्चारलेले वाक्य ऐकून ते बरोबर की चूक हे सांगणारे कोणी नसे.

प्रयोजने : औरंगाबाद परिसरात विदेशी भाषांची निकड भासण्यास दोन कारणे घडली. पहिले कारण पर्यटन होय. अजिंठ्याचा ओढा परदेशी कलावंतांस व अभ्यासकांस जुनाच होता. आराई काम्पो या जपानी चित्रकाराने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या, तर त्यानंतर निजाम सरकारने चित्रांच्या जतनासाठी इटालियन तज्ञ आणविले. अजिंठा व वेरूळ यांचा १९८३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. पुढे जपानच्या अर्थसाहाय्याने अजिंठा–वेरूळ संवर्धन व पर्यटनविकास प्रकल्प दोन टप्प्यांत राबविण्यात आला. बौद्ध लेण्यांमुळे जपान व आग्नेय आशियातील यात्रेकरू येथे येतात. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलू शकणाऱ्या मार्गदर्शकांना त्यामुळे महत्त्व आले. दुसरे कारण उद्योग होय. चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींत विदेशी भांडवलाचे कारखाने आले. चेक प्रजासत्ताकातील स्कोडा या मोटार कंपनीने २००१ मध्ये शेंद्रा येथे कारखाना सुरू केला. शेंद्रा–बिडकीन (ऑरिक) या नियोजित औद्योगिक नगरीत दक्षिण कोरियाच्या ह्योसंग उद्योगसमूहाने आपला कारखाना उभारला. तेथेच कारखाना उभारण्याविषयी टोयोटा किर्लोस्कर कंपनीने २०२४ मध्ये राज्य शासनाशी सामंजस्य करार केला.

आंतरजालाचा उदय व साधनांचे प्रकार : संगणकाच्या साहाय्याने भाषा शिकविण्याचे प्रयोग १९६० नंतर अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या प्रणालीवर झाले. भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजालाची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आरंभी ती खर्चिक व संथ असून प्रामुख्याने महानगरांपुरती मर्यादित होती. २०१६ नंतर चौथ्या पिढीतील भ्रमणध्वनी सेवा स्वस्त झाली आणि ग्रामीण भागातही दृक्‌श्राव्य पाठ पाहणे शक्य झाले. विदेशी भाषांसाठी उपलब्ध झालेल्या साधनांचे स्थूलमानाने पाच प्रकार करता येतात.

(१) संघटित अभ्यासक्रम : जर्मनसाठी डॉइश व्हेले, जपानीसाठी एनएचके व जपान फाउंडेशन यांचे पाठ विनामूल्य उपलब्ध आहेत. जपान फाउंडेशनचे मिनातो हे अध्ययनपीठ २०१६ मध्ये सुरू झाले. भारत सरकारच्या स्वयम् (२०१७) या व्यासपीठावर मद्रास येथील आयआयटीचा जर्मनचा व कानपूर येथील आयआयटीचा जपानीचा प्राथमिक अभ्यासक्रम देण्यात आला. (२) सरावाची अ‍ॅप्स : यांतील ड्युओलिंगो हे २०१२ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले अ‍ॅप सर्वाधिक परिचित आहे. शब्दांच्या उजळणीसाठी आंकी (२००६) यासारखी साधने वापरली जातात. त्यांचा पाया मानसशास्त्रीय आहे. हेर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्ये विस्मरणाचा वेग मोजून दाखविला होता. झेबास्टिआन लाइटनर याने १९७२ मध्ये शब्दपत्रिकांची पेटी सुचविली. तीत आठवलेला शब्द पुढील कप्प्यात जातो व अधिक कालावधीने पुन्हा समोर येतो, तर विसरलेला शब्द पहिल्या कप्प्यात परततो. मकतबातील उस्तादाकडे असलेले उजळणीचे वेळापत्रक येथे यंत्राकडे गेले. (३) चित्रफिती व ध्वनिमुद्रणे. (४) यांत्रिक भाषांतर : गूगलच्या भाषांतरसेवेत मराठीचा समावेश २०१३ मध्ये झाला. (५) संवादसाधने : दूरस्थ शिक्षकाशी चित्रसंवाद, तसेच २०२२ च्या अखेरीपासून सर्वज्ञात झालेले कृत्रिम बुद्धिमत्तेचे संवादकार्यक्रम यांत येतात. लघुलहरी नभोवाणीच्या श्रोत्यास न मिळणारे प्रत्युत्तर या पाचव्या प्रकाराने उपलब्ध झाले.

गाडीवाटचा प्रयोग : या साधनांचा एक उल्लेखनीय उपयोग शहरापासून सु. २५ किमी. अंतरावरील गाडीवाट या गावी झाला. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेने सप्टेंबर २०१९ मध्ये विदेशी भाषेचा उपक्रम हाती घेतला. चौथी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना कोणती भाषा शिकावयाची, याची निवड करण्यास सांगण्यात आले. यंत्रमानव व तंत्रज्ञान यांविषयीच्या कुतूहलामुळे बहुतेकांनी जपानी भाषा निवडली. शाळेत जपानी जाणणारा शिक्षक नव्हता आणि पाठ्यपुस्तकही नव्हते. शिक्षकांनी आंतरजालावरील चित्रफिती व भाषांतराची अ‍ॅप्स यांतून सामग्री जमविली आणि मुलांबरोबर स्वतःही धडे गिरविले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे शाळा बंद झाल्या. मात्र उपक्रम थांबला नाही. त्याची वार्ता कळल्यावर शहरातील एका भाषातज्ञाने जुलै २०२० पासून आंतरजालाद्वारे विनामूल्य वर्ग घेतले. ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन नव्हता, त्यांच्यासाठी ‘विषयमित्र’ ही योजना करण्यात आली. वर्गास उपस्थित राहिलेला विद्यार्थी तोच पाठ आपल्या सोबत्यांना शिकवीत असे.

या प्रयोगाचे महत्त्व त्यातील विद्यार्थ्यांच्या संख्येपेक्षा त्याच्या क्रमात आहे. विदेशी भाषा ही त्यापूर्वी शहरातील महाविद्यालयीन वा खाजगी वर्गातील शिक्षणाची बाब मानली जात असे. येथे ती प्रथमच शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील मुलांच्या सार्वजनिक शाळेत, तीही मुलांच्या निवडीने आली. दुसरे असे, की आंतरजालाने आरंभ करून दिला, तरी प्रगतीस शिक्षकाची आवश्यकता भासलीच. तिसरे म्हणजे साधनांची विषमता यंत्राने दूर केली नाही, ती मुलांच्या परस्परसाहाय्याने काही अंशी दूर झाली. पाठ ऐकून तो दुसऱ्यास सांगणे, ही मकतबातील व पाठशाळेतीलही जुनीच रीत होती. ज्येष्ठ विद्यार्थ्याने कनिष्ठांकडून उजळणी करवून घेण्याची ही पद्धत अभावाच्या काळात पुन्हा उपयोगी पडली.

मराठी भाषक व परभाषांची रचना : मराठीभाषकास काही विदेशी भाषा वाटतात तितक्या दुर्बोध नाहीत. जपानी वाक्यात कर्ता, कर्म, क्रियापद हाच क्रम असतो व संबंधदर्शक अव्यये मराठीप्रमाणेच नामानंतर येतात. ‘कोरे वा होन् देस्’ या वाक्याचा अर्थ ‘हे पुस्तक आहे’ असा असून त्याची मांडणीही मराठीसारखीच आहे. जपानी अक्षरमालेचा क्रम विशेष उल्लेखनीय आहे. अ, इ, उ, ए, ओ हे स्वर व त्यानंतर क, स, त, न, ह, म, य, र, व या ओळी, अशी तिची रचना आहे. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीच्या व संस्कृत वर्णमालेच्या केलेल्या अध्ययनातून ही मांडणी घडली. ‘ह’ ओळीचा प्राचीन उच्चार ‘प’ असल्याने ती ‘न’ व ‘म’ यांच्या मध्ये येते. आपली वर्णमाला पाठ असलेल्या मुलास हा क्रम ओळखीचा वाटतो. उच्चारांतही असेच साम्य आढळते. ‘चोर’, ‘चाक’ या शब्दांतील दंततालव्य च हा जपानी ‘त्सु’ व जर्मन ‘त्साइट’ (काळ) यांतील ध्वनीस जवळचा आहे. ओबासान् (काकू, मावशी) व ओबाऽसान् (आजी) यांतील स्वरदीर्घत्वाचा भेद मात्र सरावाने साधावा लागतो. त्याखेरीज जपानी वाचनासाठी कांजी ही चित्रलिपी यावी लागते. नित्य वापराच्या कांजींची अधिकृत संख्या २,१३६ असून या ठिकाणी मराठीची कोणतीही मदत होत नाही.

जर्मनच्या बाबतीत तीन लिंगे ही मराठीभाषकाची जमेची बाजू आहे. ‘बुख्’ (पुस्तक) व ‘किंट्’ (मूल) हे दोन्ही शब्द जर्मनमध्ये मराठीप्रमाणेच नपुंसकलिंगी आहेत. सूर्यवाचक ‘झोने’ हा शब्द मात्र स्त्रीलिंगी आहे. लिंग प्रत्येक शब्दागणिक पाठ करावे लागते, हे खरे असले तरी निर्जीव वस्तूस लिंग असते ही कल्पना मराठी मुलास शिकवावी लागत नाही. तीच गोष्ट आदरार्थी सर्वनामांची. ‘तू’ व ‘तुम्ही’ यांतील भेद जाणणाऱ्यास जर्मनमधील ‘दू’ व ‘झी’ यांतील भेद सहज उमगतो.

माध्यमभाषेचा प्रश्न : आंतरजालावरील बहुतेक पाठ इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी रचलेले आहेत. इंग्रजीभाषकास जे अनोळखी, त्याचे सविस्तर स्पष्टीकरण त्यांत असते. वाक्यान्ती येणारे क्रियापद, नामाचे लिंग, नामानंतरची अव्यये यांवर पाठच्या पाठ खर्ची पडतात. मराठीभाषकास या गोष्टी आधीच ठाऊक असतात, परंतु त्याला त्या प्रथम इंग्रजीतून अवघड करून सांगितल्या जातात. यांत्रिक भाषांतरातही असेच घडते. मराठीहून अन्य भाषेत होणारे भाषांतर पुष्कळदा इंग्रजीच्या मध्यस्थीने होत असल्याने मूळचा ‘तू–तुम्ही’ हा भेद वाटेतच लोपतो आणि पलीकडच्या भाषेत तो अंदाजाने पुन्हा घातला जातो. ज्या भाषेत आदराचे व्याकरण काटेकोर आहे, अशा जपानीत ही उणीव गंभीर ठरते. इंग्रजी माध्यमातील विद्यार्थी या अडचणीतून सहज पार पडतो. मराठी माध्यमाच्या ग्रामीण शाळेतील विद्यार्थी मात्र एकाच वेळी दोन परक्या भाषांशी झुंजत असतो. शंभर वर्षांपूर्वी मराठी मुलास उर्दूचा उंबरठा होता, त्याच जागी आता इंग्रजीचा आला आहे. दोहोंत एक भेद मात्र आहे. उर्दू माध्यम हे राज्याच्या धोरणाचे फळ होते व ते बदलणे जनतेच्या हाती नव्हते. आंतरजालावर मराठी पाठ तयार करण्यास असा कोणताही प्रतिबंध नाही. उणीव आहे ती असे पाठ रचणाऱ्यांची.

परीक्षा व उपजीविका : आंतरजालाद्वारे मिळविलेल्या भाषाज्ञानास परीक्षेची जोड मिळाल्यावाचून व्यवहारात मोल येत नाही. यूरोपीय भाषांसाठी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सामाईक यूरोपीय संदर्भचौकटीनुसार ए-१ ते सी-२ अशा सहा पातळ्या मानल्या जातात. जपानीची प्रवीणता परीक्षा १९८४ पासून घेतली जाते. २०१० पासून तीत एन-५ ते एन-१ असे पाच स्तर आहेत. या परीक्षेत वाचन, शब्दज्ञान व श्रवण तपासले जाते, संभाषणाची स्वतंत्र चाचणी नसते. त्यामुळे केवळ अ‍ॅपवर अभ्यास केलेला विद्यार्थी तीत उत्तीर्ण होऊनही बोलण्यात अडखळू शकतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) माध्यमिक स्तरावर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज व रशियन या भाषा शिकविण्याची शिफारस केली. २०२१ मध्ये भारत व जपान यांच्यात विशिष्ट कौशल्यप्राप्त कामगारांविषयी सहकार्याचा करार झाला. त्यान्वये जाऊ इच्छिणाऱ्यास प्राथमिक जपानी भाषेची परीक्षा द्यावी लागते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्यासंबंधी करार केला व त्यासाठी जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाची योजना आखली. रुग्णसेवा, वीजजोडणी, वाहनदुरुस्ती अशा कामांसाठी परदेशी जाणाऱ्या तरुणांना भाषा ही आता प्रवेशाची अट झाली आहे. एखादा शब्द चुकीचा समजल्यास रुग्णास चुकीचे औषध दिले जाऊ शकते वा कारखान्यात अपघात होऊ शकतो. म्हणून अशा शिक्षणात केवळ गुणांवर व दैनिक सरावाच्या आकड्यांवर विसंबणे धोक्याचे आहे.

मूल्यमापन : आंतरजालाने परभाषाध्ययनाचा खर्च कमी केला, मूळ भाषकाचा आवाज खेड्यापर्यंत नेला व उजळणी शिस्तबद्ध केली, ही त्याची निर्विवाद कामगिरी होय. त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. आरंभ करणारे पुष्कळ व शेवटापर्यंत टिकणारे थोडे, हा अनुभव सार्वत्रिक आहे. घरातील एकच दूरध्वनी अनेक भावंडांत वाटला जातो व मुलीच्या वाट्यास तो बहुधा शेवटी येतो. तपासणारा शिक्षक नसल्यास चुकीचा उच्चार पक्का होतो. औरंगाबादच्या इतिहासातून असे दिसते, की येथे परभाषा रुजली ती संस्थेच्या आधाराने : मकतब, तकिया, महाविद्यालय वा विद्यापीठ यांच्या ठायी. साधन बदलले, तरी शिक्षक, सहाध्यायी व ग्रंथसंग्रह यांची गरज कायम राहिली. गाडीवाट येथेही चित्रफितींना शिक्षकाचा व सोबत्यांचा आधार मिळाला, तेव्हाच पाठ पुढे सरकले. मराठी वर्णमाला, लिंगव्यवस्था व वाक्यरचना यांचा पाया घेऊन रचलेले जपानी, जर्मन वा कोरियन भाषांचे पाठ सर्वांस खुले झाल्यास आणि त्यांना सार्वजनिक शाळा, ग्रंथालये व विद्यापीठाचे विदेशी भाषा विभाग यांची जोड मिळाल्यास, परभाषा हा मोजक्यांचा मक्ता राहणार नाही. १९३७ मध्ये याच शहराने इंग्रजीसाठी उर्दूभाषकांना जो कोश दिला, त्या प्रकारचे कार्य मराठी विद्यार्थ्यांसाठी अद्याप व्हावयाचे आहे.